संत्र्याच्या वावरातला ओलाव्याचा सेन्सर : वर्षभर वापरून

वरुड तालुक्यात आमची साडेचारशे झाडं संत्र्याची, जमीन भारी काळी. मागच्या दिवाळीला साडेअठरा हजारात ओलावा मोजायचा सेट घेतला. वावरात दोन सेन्सर, एक फूट खोल अन् दोन फूट खोल, अन् घरच्या माडीवर त्याचं रीडिंग घेणारा डबा. गावातले लोक विचारत राहतात भाऊ घ्यावं का म्हणून, तर लिहितो.

रेंज एक नंबर. वावर घरापासून दोन किलोमीटर, तिथं मोबाईलला एक कांडी येते तीही वारा सुटला का जाते, पण याला सिमच लागत नाही. लोरा नावाच्या रेडिओवर चालते, आपल्याकडं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, लायसन लागत नाही. हे लोरा फ्रान्सातल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ नावाच्या लहान कंपनीनं काढलं, अन् २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकनं ती कंपनीच घेतली. झाकण खोलून पाहिलं तर आत चिप एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीची, तीही इटली अन् फ्रान्सच्या कंपन्या १९८७ मध्ये एक होऊन झालेली.

मग वाचत गेलो. तिकडं युरोपात इलेक्ट्रॉनिक्सचं संशोधन एकट्यादुकट्यावर सोडत नाहीत. २०१४ मध्ये ईसीएसईएल नावाची भागीदारी सुरू केली, त्यात काही पैसा युरोपियन युनियनचा, काही त्या त्या देशाच्या सरकारचा अन् बाकी कंपन्यांनी खिशातून टाकायचा, विद्यापीठं अन् चिपवाले एकाच कामात. २०१८ मध्ये त्यातूनच अफारक्लाउड नावाचं शेतीचं काम निघालं, सेन्सर, ड्रोन, सगळं धरून. २०२३ पासून तेच चिप्स जॉइंट अंडरटेकिंग झालं. मला ही पद्धत मनापासून पटली.

आता तक्रार. डिसेंबरात आंबिया बहाराचा ताण चालू होता, म्हणजे फुलं यावी म्हणून झाडांचं पाणी बंद, अन् एका रात्रीत वरच्या सेन्सरचं रीडिंग पार तळाला. सकाळीच खुरपं घेऊन गेलो तर दांडीला लागूनच बोटभर रुंद भेग, खालपर्यंत गेलेली, सेन्सर अर्धा हवेतच. हा सेन्सर मातीतल्या पाण्याचा विजेवर होणारा परिणाम मोजतो, त्या परिणामाचा आकडा पाण्याला ८० च्या आसपास अन् हवेला १, म्हणून भेग पडली का तो कोरडंच सांगणार. त्याच्या भरवशावर पाणी सोडून ताण तोडला असता तर बहार गेला असता. कंपनीला फोन केला तर म्हणे पुन्हा बसवा. काळ्या जमिनीत हे कधी कोणी लावून पाहिलं का, हे विचारलं तर उत्तर नाही.

शेवटी त्याच खड्ड्यातली माती कालवून गारा केला, दांडी तिरपी बसवली अन् चहूकडून गारा दाबला. तेव्हापासून रीडिंग सरळ येते. खालचा दोन फुटाचा सेन्सर तर पहिल्यापासून बरोबर, ड्रिप किती वेळ चालवायची हे मी त्याच्यावरच ठरवतो, आधी रात्रीची लाईन आली का अंदाजानं सोडत होतो अन् बुंध्याशी डिंक्या, म्हणजे डिंक गळायचा रोग, दिसत होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत अन् युरोपियन युनियनचा सेमीकंडक्टरचा, म्हणजे चिपचा, करार झाला आहे. त्यात असे सेन्सर अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठात अन् नागपूरच्या लिंबूवर्गीय संस्थेत आपल्या भेगाळणाऱ्या जमिनीवर तपासले गेले पाहिजेत, अन् त्यात आमच्यासारखे शेतकरी घेतले पाहिजेत, हे मी तळमळीनं सांगतो. माझं वावर द्यायला मी तयार आहे.

पाचपैकी साडेतीन स्टार. घ्या, पण दोन फुटावरचा आधी घ्या अन् गारा करूनच बसवा.