परभणीत बसून व्हेंदे ग्लोब: ट्रॅकर आणि बोटीवरच्या व्हिडिओंचा अनुभव

एकट्या माणसानं, कुठंही न थांबता, कुणाची मदत न घेता शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारायची, ही व्हेंदे ग्लोब शर्यत. अंतर सुमारे 24,000 सागरी मैल. 10 नोव्हेंबर 2024 ला फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोनहून 40 जण निघाले, आणि तेव्हापासून मला तिच्या ट्रॅकरचा नाद लागला. प्रत्येक बोटीवरचं यंत्र उपग्रहामार्फत आपलं ठिकाण कळवतं, ते आपल्याला नकाशावर दिसतं. सगळं फुकट.

आधी तक्रार क्रमवारीची. शेवटच्या रेषेपर्यंत किती अंतर उरलं यावरून ती लावतात, आणि समुद्रात सरळ रस्ता लवकर पोचवेलच असं नाही. दक्षिण अटलांटिकच्या मध्यावर जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून असतं, तिथं वारा मेलेला. म्हणून बोटी ब्राझीलच्या बाजूनं लांबचा वळसा घेतात, आणि हुशारीनं वळसा घेणारा काही दिवस यादीत मागं दिसतो. डिसेंबरात तर गंमतच झाली. हिंदी महासागरात मोठं वादळ मागं लागलं. शार्ली दालँ त्याच्या पुढं राहून पळाला, योआन रिशोम उत्तरेकडून वळसा घालून गेला आणि यादीत बराच मागं पडला. मला वाटलं, संपलं याचं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला मात्र रिशोम पहिला, दालँच्या जेमतेम नऊ-दहा मिनिटं आधी! शेवटी जिंकला दालँच, 64 दिवसांत. पण यादीच्या भरवशावर बसलं असतं तर ही सगळी मजा हुकली असती.

म्हणून नकाशावरचा वाऱ्याचा थर कायम चालू ठेवा. आपल्याकडं पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा कुठवर आला हे विंडी या हवामानाच्या ॲपवर बघायची सवय सगळ्यांनाच आहे. आमचे दादाही त्यात तरबेज. त्यांनी दक्षिणेतलं वादळ बघितलं अन् म्हणाले, "अरे, हे तर उलटं फिरतंय की!" बरोबरच होतं. विषुववृत्ताच्या खाली कमी दाबाभोवतीचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. एक लक्षात ठेवा, ते बाण बोटीवरच्या यंत्राचे नसतात, हवामानाच्या मॉडेलचे अंदाज असतात. पण त्याचाच फायदा होतो. बाण जोरात आणि बोट मात्र निम्म्या वेगानं चाललेली दिसली, की काहीतरी फाटलंय किंवा मोडलंय असं समजायचं. बातमी मागून येते.

आता व्हिडिओ. 2024 च्या शर्यतीत बोटींवर स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरचं इंटरनेट, असल्यामुळं चित्र चांगलं स्वच्छ यायचं. हेडफोन लावूनच ऐका. फॉइलवर, म्हणजे बोटीच्या बाजूच्या पंखांवर, बोट पाण्यातून वर उचलली जाते तेव्हा बारीक शिट्टीसारखा आवाज चढत जातो, मग लाटेवर धाडकन आदळते आणि कॅमेराच थरथरतो. वाळवलेल्या जेवणाच्या पाकिटात गरम पाणी ओततानासुद्धा एक हात कशाला तरी धरलेलाच. फक्त एवढं ध्यानात असू द्या की दाखवायचं काय ते स्किपर, म्हणजे बोट चालवणाराच ठरवतो. वाईट दिवस आपल्याला उशिरा कळतात, कधी कळतही नाहीत, आणि प्रायोजकाचं नाव मात्र प्रत्येक फ्रेममध्ये. आमच्याकडं संध्याकाळी लाइट गेली की टॉवरची रेंजही पडते. तेव्हा व्हिडिओचा नाद सोडून नकाशाच बघायचा, तो कमी डेटात चालतो. वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत दिल्या असतील, तर साडेपाच तास मिळवा.

एकट्यानं पृथ्वीला फेरी मारायची दुसरी शर्यत म्हणजे गोल्डन ग्लोब रेस, तिचा प्रकार याच्या अगदी उलटा. 2022 च्या शर्यतीत आपला अभिलाष टॉमी दुसरा आला, ती मी नंतर रिप्ले लावून बघितली. तिथं स्किपरला जीपीएस वापरायची बंदी, सेक्स्टंटनं सूर्य-तारे मोजून ठिकाण काढायचं. ट्रॅकर बोटीवर असतो, पण तो फक्त बाहेरच्यांसाठी. म्हणजे स्किपर कुठं आहे हे त्याच्यापेक्षा परभणीत बसलेल्याला जास्त अचूक माहीत! मला तर ही शर्यत जास्त आवडली.

नवीन बघणाऱ्यानं मागची एखादी बोट धरावी. मी 23 वर्षांची व्हायोलेत दोराँज धरली होती. तिच्या जुन्या बोटीला फॉइल नाहीत, तरी 90 दिवसांवर जाऊन पोचली. एकच हात असलेला चीनचा शू जिंगकुन 99 दिवसांत आला. पुढचे जानेवारीतच घरी गेले होते, शेवटचे काही जण मार्चपर्यंत समुद्रात होते. ट्रॅकरवर तेवढ्याच आपुलकीनं दिसत राहतात.