सील का गेलं ते आधी विचारतात, मग हात लावतात

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पंप आणि बेअरिंग हाच रोजचा धंदा. ह्या सील दुरुस्तीच्या वर्कशॉपकडे गेल्या दोन हंगामांपासून मेकॅनिकल सील (पंपाच्या फिरत्या शाफ्टपाशी, म्हणजे दांड्यापाशी, माल बाहेर गळू न देणारा भाग) रिपेअरला देतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या लाइनमध्ये असं कुणी लिहीत नाही आणि मग नवीन माणूस स्वस्तातलं बघून फसतो.

आमचा त्रास होता सिरप पंपाचा. इव्हॅपोरेटरमधून (रस आटवतो तिथून) निघालेला साठेक ब्रिक्सचा, म्हणजे साधारण साठ टक्के विरघळलेल्या साखरेचा, माल पॅनकडे (साखरेचे दाणे बनतात तिकडे) टाकणारा पंप, त्याचं सील आठ-दहा दिवसांत गळायला लागायचं आणि ऐन गाळपात तो पंप खोलायचा म्हणजे रात्रपाळीच्या पोरांचे हाल. आधी दुसऱ्या एका ठिकाणी द्यायचो, ते फेस (सीलचे एकमेकांवर टेकणारे सपाट पृष्ठभाग) लॅप करून, म्हणजे घासून सपाट करून, ओ रिंग (रबरी कडी) बदलून दोन दिवसांत परत करायचे, बिल घ्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही परत त्यांच्या दारात. तीन वेळा असं झालं तरी एकदाही कुणी विचारलं नाही की बाबांनो हे एवढ्या लवकर जातंय कशानं.

इथे पहिल्यांदा गेलो तर मालकांनी सील हातात घेऊन भिंगातून बघितलं आणि पहिला प्रश्न, "साहेब, पंप बंद करताना काय करता?" मी म्हटलं काय करणार, बटण दाबतो. मग त्यांनी कार्बनच्या फेसची आतली कड दाखवली, बारीक बारीक टवके उडालेले, आणि मागे ओ रिंगच्या जागेत तपकिरी साखर घट्ट बसलेली. फिरणारा फेस आणि स्थिर फेस यांच्या मधे मालाचाच अगदी पातळ थर असतो, त्यावर सील चालतं. आमच्याकडे तो थर हवेच्या बाजूला येऊन वाळायचा, पंप थांबला की दोन्ही फेस एकमेकांना चिकटायचे, आणि चालू करताना मोटरच्या झटक्यानं कार्बन तुटायचा. वर साखर साचून स्प्रिंगकडचा भाग पुढं सरकायचाच नाही, मग लॅपिंग कितीही छान करा, काय उपयोग!

उपाय काही मोठा नव्हता. ग्लँड प्लेटला (सील बाहेरून धरून ठेवणाऱ्या झाकणाला) हवेच्या बाजूनं कमी दाबाचं स्वच्छ पाणी दिलं, त्याला क्वेंच म्हणतात, एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या नंबरात प्लॅन ६२, आणि कार्बनच्या जागी दोन्ही फेस सिलिकॉन कार्बाइडचे घातले. पंप सुरू करायच्या आधी पाणी चालू, बंद केल्यावरही थोडा वेळ चालूच. आमचा एक जुना फिटर, मामा म्हणतो आम्ही त्यांना, ते रोज ड्रेनचं पाणी बोटांवर घेऊन बघतात, चिकट लागलं की सील कुरकुरायला लागलंय हे गळती दिसायच्या आधीच कळतं. तेच सील मग हंगाम संपेपर्यंत काढावं लागलं नाही.

लॅपिंगचं काम समोर दाखवतात हे मला फार आवडलं. काचेची सपाट चकती फेसवर ठेवून पिवळ्या दिव्याखाली पट्टे बघायचे, पट्टे सरळ म्हणजे फेस सपाट, आणि एक पट्टा म्हणजे फक्त ०.३ मायक्रॉनच्या आसपास! पोरांना मुद्दाम घेऊन गेलो होतो, तेव्हापासून फेसला तेलकट बोट लावायची कुणाची हिंमत होत नाही. शाफ्टचं डायल गेजचं रीडिंगही मागून घेतात, शाफ्ट हलत असेल तर आधी बेअरिंग बघा म्हणून स्पष्ट सांगतात.

आणि प्रामाणिकपणा. कच्च्या रसाच्या पंपालाही सील बसवा म्हणून मीच मागं लागलो होतो, त्यात भुसा आणि वाळू असते, तर ते म्हणाले तिथं पैसे घालू नका, ग्लँड पॅकिंगच (शाफ्टभोवती भरायची दोरी) ठेवा पण नीट भरा. दोरीच्या रिंगा ४५ अंशात कापायच्या, प्रत्येक रिंगचा जोड आधीच्या जोडापासून फिरवून बसवायचा, लँटर्न रिंग (पॅकिंगमध्ये पाणी पसरवणारी भोकांची रिंग) पाण्याच्या भोकासमोर यायला पाहिजे, आणि ग्लँड (दोरी दाबणारी टोपी) हातानं आवळून मग पंप चालू असताना हळूहळू घ्यायचा. ठिबक पूर्ण बंद करायची नाही, त्या थेंबांवरच पॅकिंग थंड राहतं. आमच्याकडे नवीन पोरं थेंब दिसला की पाना मारायची, मग पॅकिंग जळायचं आणि स्लीव्हला (शाफ्टवरच्या नळीला) खाचा पडायच्या, त्या खाचांवर नवीन दोरी भरून काही होत नाही, स्लीव्हच बदलावी लागते. गेल्या हंगामात स्लीव्ह एकच लागली.

तक्रारी दोन आहेत. हंगामात फोन पटकन उचलत नाहीत, निरोप ठेवला तर संध्याकाळी कधीतरी येतो. आणि सील कशानं गेलं हे तोंडी सांगतात, लेखी मागितल्याशिवाय देत नाहीत, आम्हाला ते फाइलला लागतं. खर्च म्हणाल तर आमच्या साइजला नव्या सीलच्या निम्म्याहून कमीत काम झालं, पण फेसला तडा असेल तर रिपेअर करत नाहीत, नवीनच घ्या म्हणतात.

जाणार असाल तर सील धुऊन, पुसून नेऊ नका. जसं निघालं तसं, चिकटलेल्या मालासकट पिशवीत घालून न्या, त्यावरूनच ते सगळं ओळखतात.