आत्मकरुणेवर आधारित समुपदेशन: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

हिशेबातली चूक दुरुस्त करून झाल्यावरही रात्री दोन वाजेपर्यंत स्वतःला फैलावर घेत बसण्याची माझी सवय फार जुनी आहे, आणि त्या धाकामुळेच आपले काम चोख होते अशी माझी ठाम समजूत होती. त्यामुळे समुपदेशिकेने आत्मकरुणेचा विषय काढला, तेव्हा मला ते स्वतःचे लाड करण्याचे सभ्य नाव वाटले.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडलेली २६ विधानांची प्रश्नावली तिने माझ्याकडून भरून घेतली. स्वतःशी मायेने वागणे, चुका सर्वांच्याच हातून होतात याचे भान ठेवणे आणि दुःख न दडपता, न फुगवता पाहणे, हे आत्मकरुणेचे तीन आधार. त्यांपैकी दुसऱ्यात मी सपशेल कच्ची निघाले. स्वतःची कीव करताना माणूस ‘माझ्याच वाट्याला का’ असे म्हणतो आणि करुणेत नेमका तो ‘च’ गळून पडतो, हा फरक मला तेव्हा प्रथम कळला.

पहिले दोन महिने त्रास उलट वाढला. छातीवर हात ठेवून संथ श्वास घ्यायचा आणि स्वतःशी चार शब्द बोलायचे, एवढ्यानेच रडू फुटायचे. बंद खोलीत धुमसणाऱ्या आगीला दार उघडताच हवा मिळून भडका उडतो, तसेच हे असते आणि मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर गर्मर यांनी त्यासाठी अग्निशमन दलाचाच ‘बॅकड्राफ्ट’ हा शब्द वापरला आहे, असे समुपदेशिकेने समजावले व सराव दोन मिनिटांवर आणला. हे आधीच सांगायला हवे होते, ही माझी तक्रार आजही आहे.

दुसरी अडचण भाषेची. ‘मी स्वतःला स्वीकारते’ ही छापील वाक्ये मला सरकारी परिपत्रकासारखी वाटत. त्याऐवजी मावशीच्या सुरात ‘अगं, दमलीस, पाणी पी आधी’ असे म्हणू लागले, तेव्हा कुठे खांदे सैल झाले. शब्दांपेक्षा आतल्या आवाजाचा सूर महत्त्वाचा, यावर मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या करुणाकेंद्री उपचारपद्धतीत इतका भर का आहे, ते मला असे उमगले.

मार्चअखेरीस मोठी चूक झाली. मी ती साहेबांना त्याच दिवशी सांगितली, एरवी आठवडाभर लपवली असती, आणि रात्री झोपलेही. आईशी फोनवर बोलल्यावर मात्र जुना सूर अजून परततो. महिन्यातून एकदाच्या सत्रांत सध्या त्यावरच काम चालू आहे.