क्वेक, क्वेक टू की डूम? नव्या लेव्हल्ससाठी कोणता रीमास्टर घ्यावा

क्वेक, क्वेक टू आणि डूम या जुन्या शूटर गेम्सच्या गेल्या काही वर्षांत आलेल्या तिन्ही रीमास्टरमध्ये, म्हणजे नव्या रूपातल्या आवृत्त्यांमध्ये, ग्राफिक्स सुधारलेत, कंट्रोलर नीट चालतो, हे सगळं आहेच. पण पैसे टाकावेत ते सोबत येणाऱ्या नव्या मोहिमांसाठी, म्हणजे नव्या लेव्हल्सच्या मालिकांसाठी. मूळ गेम तोंडपाठ असेल तर थेट त्याच उघडा. आणि निवड करताना एकच गोष्ट स्वतःला विचारा: वाट चुकलेली आपल्याला कितपत चालते?

क्वेकच्या 2021च्या रीमास्टरमधली ‘डायमेन्शन ऑफ द मशीन’ ही मशीनगेम्स या स्टुडिओची मोहीम माझ्या मते तिघांत सरस. मधल्या दालनातून वेगवेगळ्या दुनियांत शिरायचं आणि तिथले रून (जादुई चिन्हं) जमवायचे. 1996 साली तेव्हाच्या कॉम्प्युटरांना झेपेल एवढ्याच खोल्या बांधता यायच्या. इथे किल्लेच्या किल्ले उभे केलेत आणि एकेक लेव्हल चांगलीच लांबते. लढाया मात्र अस्सल जुन्या वळणाच्या. शॅम्बलर या धिप्पाड राक्षसावर रॉकेटचा निम्माच परिणाम होतो, त्यामुळे डबल शॉटगन घेऊन खांबाआडून बाहेर यायचं, एक बार टाकायचा आणि त्याची वीज कडाडायच्या आत परत आड व्हायचं. मोठ्या लेव्हलमध्ये हेच करताना मागून ओगर राक्षसांचे ग्रेनेड घरंगळत येतात, तेव्हा खरी मजा. अडचण एवढीच की ना नकाशा, ना होकायंत्र. चावी कुठल्या दाराची होती हे विसरलात की बसा फिरत.

क्वेक टूच्या 2023च्या रीमास्टरमध्ये ‘कॉल ऑफ द मशीन’ आहे, तीही मशीनगेम्सचीच. 28 लेव्हल्स, म्हणजे तिघांत सगळ्यात भरगच्च. इथे होकायंत्र दिलंय. बटण दाबलं की पुढची वाट दाखवतं, त्यामुळे रात्री जेवल्यावर तासभर खेळणाऱ्यांना हीच सोयीची. शत्रूही सुधारलेत: पूर्वी चालत येणारा बर्सर्कर आता थेट अंगावर उडी घेतो. पण प्रत्येक विभागाचा बाज निराळा आणि दर्जाही कमीजास्त. काही जागा डोळ्यांत भरतात, तर काही ठिकाणी नुसता स्ट्रॉग या शत्रूंचा रतीब. मूळ क्वेक टूचे तपकिरी कारखाने ज्यांना तेव्हाच कंटाळवाणे वाटले, त्यांना इथे सुखद धक्का बसेल. रंगांची चैन आहे.

2024च्या ‘डूम + डूम टू’मधली ‘लेगसी ऑफ रस्ट’ ही इड (मूळ डूमचे निर्माते), नाइटडाइव्ह आणि मशीनगेम्स या स्टुडिओंनी मिळून केलेली दोन भागांची मोहीम. हिच्यात नवी शस्त्रं आणि नवे राक्षस आहेत. प्लाझ्मा गनच्या जागी आग ओकणारा इन्सिनरेटर, बीएफजी या सगळ्यात दणकट बंदुकीच्या जागी कॅलॅमिटी ब्लेड, आणि दोन्हींना इंधन एकच. त्यामुळे दर वेळी हिशेब करावा लागतो: आत्ता जाळायचं की मोठ्या गर्दीसाठी राखायचं? टायरंट हा सायबरडीमन या मूळ डूममधल्या अजस्र राक्षसाचा धाकटा भाऊ. लवकर मरतो, पण म्हणूनच एका वेळी अनेक सोडलेत. दुसरा भाग तर निव्वळ छळ आहे, आवडला तर प्रचंड आवडेल. नकाशा हाताशी असतो, त्यामुळे वाटेचं फारसं टेन्शन नाही. वर-खाली बघता येत नाही, याची मात्र आजच्या शूटरवर वाढलेल्यांना सवय करावी लागेल.

घरी दोघे-तिघे खेळणारे असाल तर तिन्हींत स्क्रीन विभागून एकत्र खेळता येतं. जुना हेक्सन आवडलेल्यांनी 2025चा ‘हेरेटिक + हेक्सन’ही बघावा. त्यातही दोन्ही गेमसाठी नवे भाग आहेत, पण तिथली कोडी बघता वाट चुकायचा राग असलेल्यांनी त्या फंदात पडू नये.

आणि खरेदीआधी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरची आपली जुनी लायब्ररी तपासा. मूळ गेम आधीच घेतलेल्यांना हे रीमास्टर फुकट अपडेट म्हणून मिळालेत.