बॉनेटखालची फट: कॅमेऱ्याने बघायची की कणकेने मोजायची?

पहिल्या गिअरला गाडी उचलताना बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज येतो. इंजिनाचं काहीतरी कुठेतरी टेकतंय एवढं कळतं. कुठे टेकतंय ते बघायला बॉनेट उघडावं, तर जी फट बघायची तीच उरत नाही. जुनी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, सांभाळणाऱ्यांपैकी ज्यांना हा आवाज छळतोय, त्यांच्यासाठी लिहितोय. या गाडीच्या बॉनेटखालच्या जागेचा प्रश्न कारखान्यालाही पडला होता. २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवून १९६७ साली याच गाडीची एमजीसी ही आवृत्ती आणली, तेव्हा बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. पुढे १९७३च्या व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या एमजीबीमध्ये कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) मागे, फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे सरकवले.

शोधायचे मार्ग दोन. एक म्हणजे मोबाईलला जोडायचा वायरवाला कॅमेरा, आणि दुसरा मळलेल्या कणकेची गोळी. माझ्या गाडीवर मी दोन्ही करून पाहिले.

कॅमेरा माझ्या भाच्याचा. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये, किंवा खाली सायलेन्सरचा पाइप जिथे फ्लोअरच्या जवळून जातो तिथे, हात पोचत नाही आणि हा पोचतो. तिथे त्याला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. बॉनेटखाली मात्र माझे दोन रविवार त्याच्यापायी गेले. चित्रात सावली आणि स्पर्श सारखेच दिसतात. कार्बोरेटरची टोपी बॉनेटला टेकली आहे की बोटभर लांब आहे, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. त्याच्या छोट्या दिव्याची तिरीप रंगावर पडली की सगळं पांढरं, आणि वायर बाहेर काढायची म्हणून बॉनेट पूर्ण बसत नाही. म्हणजे जी फट मोजायची, तीच आपण बदलून ठेवतो. माझं मन कॅमेऱ्यावरून उडालं ते इथेच. कोणाचा कॅमेरा याहून चांगला असेलही.

कणकेची युक्ती जुन्या मिस्त्रींची. गोळी बॉनेटच्या आतून, संशयाच्या जागेवर दाबून चिकटवायची, समोरच्या भागाला तेलाचं बोट लावायचं आणि बॉनेट अलगद लावून पुन्हा उघडायचं. चेपून उरलेली जाडी व्हर्निअरने मोजली की उभ्या गाडीतली फट कळते. मग नवी गोळी लावून गाडी चालवून आणायची आणि पुन्हा मोजायचं.

खरी किंमत या दुसऱ्या मापाला आहे. समोरून पाहिलं तर हे इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. त्याचा उलटा पीळ इंजिनाच्या धडावर येतो आणि गाडी पुढे उचलताना इंजिनाची डावी बाजू (ड्रायव्हरच्या जागेवरून बघता डावी) वर येते. पहिल्या गिअरला हा पीळ सर्वांत मोठा, आणि दोन्ही कार्बोरेटर (एसयू बनावटीचे) नेमके डावीकडेच. म्हणून न्यूट्रलला कितीही रेस दिली तरी आवाज सापडत नाही.

माझ्या बॉनेटच्या आतली फ्रेम गंजली होती, म्हणून आधीच्या मालकाने तिथे जाड पट्टी जोडलेली. त्यामुळे जागा मुळातच कमी. तरी उभ्या गाडीत तेरा मिलिमीटर भरली. सोलापूरच्या होटगी रोडला पहाटे चार-पाच वेळा पहिल्या गिअरला जोरात उचलून आलो, तर पुढच्या कार्बोरेटरवरची गोळी कागदासारखी झालेली. दोन मापांत इतका फरक पडला की संशय फाउंडेशनवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतं तिच्यावर घ्यायचा. डाव्या फाउंडेशनचं रबर पत्र्यापासून सुटलं होतं. इंजिनाचं वजन वर बसलेलं असताना ते अगदी शाबूत दिसत होतं. दोन्ही मापं सारखीच कमी आली असती, तर मी बॉनेटची उंची आणि पॅकिंग तपासलं असतं. एवढा फरक कॅमेऱ्याने मला तरी दाखवला नसता.

कणीक गव्हाचीच घ्या. आपल्याकडे घरात ज्वारीचं पीठ हाताशी असतं, पण त्याला चिकटपणा नाही, गोळी तडकून पडते. मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती सोलापूरच्या एप्रिलमध्ये नकोच. एमजीबीच्या या बी-सिरीज इंजिनात एक्झॉस्टही कार्बोरेटरच्याच बाजूला, खाली आहे, त्यामुळे ती मऊ होऊन लोंबते आणि खोटं माप देते. कणकेत मीठ घालू नका, पत्र्याला गंज धरेल. थ्रॉटलच्या दांड्याच्या वर आणि पंख्याजवळ गोळी अजिबात लावू नका. सुटून दांड्यात अडकली तर पाय काढला तरी रेस उतरणार नाही.

रिव्हर्सला पीळ उलट बसतो. तुमचा आवाज गाडी मागे घेताना येत असेल, तर पहिली गोळी उजव्या बाजूला लावा.