डॉक की टास्कबार, आणि ती तीन बटणं कुठल्या बाजूला?

नवीन डेस्कटॉप लावताना किंवा दुसऱ्या कुणासाठी मांडणी ठरवताना दोन ठिकाणी घोडं अडतं. विंडोची तीन बटणं (मिनिमाइज, मॅक्सिमाइज, बंद) कुठल्या कोपऱ्यात ठेवायची, आणि चालू असलेल्या ॲपच्या आयकॉनवर क्लिक केलं की काय व्हायला पाहिजे. भांडणं पहिल्यावर जास्त होतात, पण रोज त्रास देतो तो दुसरा प्रश्न. मी दोन्ही पद्धती भरपूर वापरल्यात, म्हणजे मॅक किंवा युनिटीसारखी (उबुंटू या लिनक्सचा जुना डेस्कटॉप) डॉकवाली, जिथे ॲपच्या आयकॉनची रांग असते, आणि जुन्या विंडोज किंवा एक्सएफसीईसारखी (हाही लिनक्सवरचाच डेस्कटॉप) टास्कबारवाली, जिथे उघड्या विंडोंच्या पट्ट्या असतात, त्यामुळे खाली जे लिहितोय ते स्टॉपवॉच लावून मोजलेलं नाही, वापरून झालेलं मत आहे एवढं धरा.

बटणांचं आधी उरकून टाकतो. उबुंटूने २०१० साली १०.०४ मध्ये बटणं डावीकडे नेली तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता, आणि २०१७ ला १७.१० मध्ये युनिटी जाऊन ग्नोम हे दुसरं डेस्कटॉप आलं तेव्हा ती परत उजवीकडे आली, लाँचर (म्हणजे डॉकच) मात्र डावीकडेच राहिला. लोक दोन्ही वेळा रुळले. फिट्सचा नियम (१९५४ चा, लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितकं लवकर सापडतं) सगळे पुढे करतात, की मॅक्सिमाइज केलेल्या विंडोचं बंद करायचं बटण कोपऱ्यात असलं की माउस नुसता भिरकावला तरी चालतो. खरंय, पण शेजारी दुसरा मॉनिटर असला की त्या बाजूची भिंतच जाते आणि पॉइंटर सरळ पलीकडे निघून जातो. त्यामुळे दुसरा मॉनिटर ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूला बटणं, इतकंच मी म्हणेन. फक्त एक जोडी टाळा: डावीकडे आपोआप लपणारा लाँचर आणि डावीकडेच बटणं. बंद करायला जावं तर लाँचर बाहेर येतो, त्याला घालवायला माउस मागे घ्यावा तर परत पहिल्यापासून. कडेला जोर दिल्यावरच बाहेर येणारा लाँचर असतो त्यात हे कमी होतं, जात नाही.

आता मुद्द्याचं. डॉकमधला आयकॉन म्हणजे ॲप, टास्कबारवरची पट्टी म्हणजे विंडो. ऐकायला बारीक फरक आहे, पण बाकी सगळं यातूनच निघतं, अगदी बटणंसुद्धा. ग्नोम ३ आलं २०११ ला तेव्हा त्यांनी मिनिमाइज आणि मॅक्सिमाइज दोन्ही बटणं काढूनच टाकली, फक्त बंद करायचं ठेवलं. लोक वैतागले, पण त्यात तर्क होता, कारण समोर सतत दिसणारी विंडोची यादीच नाही तर मिनिमाइज केलेली विंडो जाणार कुठे? म्हणून मिनिमाइजचं बटण ठेवायचं की नाही हे लाँचर ठरल्याशिवाय ठरवूच नये. मॅकवरही लाल बटणाने विंडो जाते, पण ॲप बऱ्याचदा चालूच राहतं, कारण तिथे ॲप हीच मूळ गोष्ट आहे. पटो न पटो, आपल्या जागी ते सुसंगत आहे.

माझं घोडं अडलं ते एका क्लिकवर. समजा डावीकडे एक विंडो उघडी ठेवून तिच्यातलं वाचत उजवीकडे लिहितोय. मध्येच फाइल मॅनेजरची एक विंडो हवी असते म्हणून डॉकमधल्या आयकॉनवर क्लिक केलं, तर कितीतरी डॉकमध्ये त्या ॲपच्या सगळ्याच विंडो एकदम वर येतात. मागितली एक, आल्या चार, आणि ज्यातून वाचत होतो तीच नेमकी झाकली गेली. मग तिला वर काढायला तिच्या ॲपच्या आयकॉनवर क्लिक करावं तर त्याच्याही सगळ्या विंडो वर, आणि आता लिहायची जागा गायब! दिवसातून असं कितीदा होतं याचा हिशोब मी ठेवलेला नाही, पण दर वेळी तंद्री मोडते, आणि राग याचा येतो की कॉम्प्युटरला मी काय मागतोय हे सांगायची सोयच नाही, कारण आयकॉन एकच आणि विंडो चार.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. काही डॉक दुसऱ्या क्लिकला त्या ॲपच्या विंडोची छोटी चित्रं दाखवतात, त्यातून निवडा. पण पांढऱ्या पानांची चार छोटी चित्रं सारखीच दिसतात हो, टर्मिनलची तर विचारूच नका. ग्नोमला डॉक जोडणारं डॅश टू डॉक हे एक्सटेन्शन आहे, त्यात क्लिकने मिनिमाइज व्हावं असं करता येतं, उबुंटूचा डॉक त्याच्यावरच बेतलेला असल्याने तिथेही चालतं, फक्त मुळात ते बंद असतं. ते मी चालू करायला सांगेनच, कारण नाहीतर विंडो खाली घालवायला वरचं बटण आणि परत आणायला खालचा आयकॉन अशी उगाच ये-जा होते. वर्कस्पेस (एकाच स्क्रीनवर आलटून पालटून येणारे वेगवेगळे डेस्कटॉप) वापरणाऱ्यांना तर हा त्रास जवळपास जाणवत नाही, प्रत्येक कामाला वेगळी वर्कस्पेस आणि डॉकला सांगायचं की फक्त इथल्याच विंडो दाखव. मला ती शिस्त जमली नाही, तुम्हाला जमत असेल तर डॉक घ्या आणि पुढचं वाचू नका.

टास्कबारवर, गट न करता (एका ॲपच्या विंडो एकाच आयकॉनखाली गोळा न करता), प्रत्येक विंडोची वेगळी पट्टी आणि तिच्यावर नाव. हवी ती दिसते, एक क्लिक, तेवढीच वर, परत क्लिक केलं की खाली. बाकीच्या जागच्या हलत नाहीत. दिसायला जुनाट आहे, मान्य, आणि पंधरा-वीस विंडो झाल्या की नावं इतकी आखडतात की पहिली चार अक्षरंच उरतात, तेव्हा डॉकवाले हसतात आणि त्यांचं हसणं रास्तही आहे. शिवाय रुंद स्क्रीनवर डॉक बाजूला उभा ठेवून उंची वाचवता येते, नावांच्या पट्ट्या उभ्या ठेवल्या तर रुंदी खातात. लॅपटॉपची छोटी स्क्रीन असेल तर हा मुद्दा हलका घेऊ नका.

पण विंडोज ११ चं बघा, २०२१ ला आलं तेव्हा पट्ट्या वेगळ्या ठेवायचा पर्यायच काढून टाकला होता, आणि २०२३ ला तो परत द्यावा लागला. आता एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढणार नाही, तरी माझ्यासारखे बरेच असावेत असं वाटतं.

एका वेळी एकच ॲप पूर्ण स्क्रीनवर ठेवणाऱ्याला डॉक छान, देखणाही आहे. दोन-तीन विंडो शेजारी ठेवून इकडून तिकडे नेण्याचं काम असेल तर मी टास्कबारकडे झुकतो, आणि बटणं तिन्ही, उजवीकडे. प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपमध्ये मुळात नुसत्या आयकॉनवाला टास्क मॅनेजर (तिथे टास्कबारवरच्या विंडोच्या यादीला हेच नाव आहे) येतो, त्यावर राइट क्लिक करून त्याच जागी नावांवाला लावता येतो, मग त्याच्या सेटिंगमध्ये गट करणं बंद करा. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्येही गटवाल्या यादीऐवजी साधी विंडो लिस्ट ठेवता येते. आणि बटणं डावीकडे न्यायचीच असतील तर आधी रोजची ॲप्स उघडून बघा, स्वतःची टायटल बार (विंडोच्या वरची पट्टी) स्वतःच रेखाटणारी काही ॲप्स ती सेटिंग जुमानत नाहीत, मग अर्ध्या विंडोंची बटणं डावीकडे आणि अर्ध्यांची उजवीकडे.