कारवानी (मुधोळ) कुत्रं घरात पाळायला कसं आहे? सांगलीकरांसाठी सविस्तर रिव्ह्यू

जत, आटपाडी भागात कारवानी कुत्रं सगळ्यांनी बघितलेलं असतंय, मेंढरांमागं नाहीतर वस्तीवर, पण घरी पाळायला कसं आहे असं विचारणारे खूप जण भेटतात म्हणून लिहितोय. आमच्याकडं मळ्यातल्या घरी नर आहे, वाघ्या. सरळ सांगतो, मोकळी जागा आणि सकाळ-संध्याकाळ वेळ असेल तर याच्यासारखं कुत्रं नाही, आणि दिवसभर साखळीला बांधून ठेवणार असाल तर कृपा करून घेऊ नका, लय हाल होतात त्याचे.

मुळात हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं. पार तिकडच्या बांधावर मुंगूस हललं की वाघ्याचे कान उभे, मान लांब, अंगातली एक न एक शीर ताणलेली, आणि आपण बघतोय तोवर हा अर्ध्या रानात. त्या वेळी कितीही हाका मारा, बिस्किट दाखवा, ऐकायचं नाव नाही. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर वगैरे जाती पक्षी दाखवायला, पडलेला उचलून आणायला तयार केलेल्या, त्यामुळं त्यांचं लक्ष सारखं मालकाकडं असतं. कारवानी पुढं पळत गेला की स्वतःचं स्वतः ठरवतो. म्हणून रस्त्याजवळ पट्टा अजिबात सोडायचा नाही. आणि पट्टा पण साधा चालत नाही, डोकं निमुळतं आणि मान जाड, त्यामुळं मागं सरकला की गळपट्टा डोक्यावरून निघून येतो. ओढ बसली की आवळणारा रुंद पट्टा घ्या. घरात कोंबड्या, मांजर असतील तर पिल्लू असतानाच सवय लावा, तरी लहान जनावरासोबत एकटं सोडू नका. आणि हो, सशामागं सोडायची हौस कुणाला असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, शिवाय ससे आधीच कमी झालेत.

घरात मात्र एकदम शांत. एकदा मनसोक्त पळवून आणला की दुपारभर सोप्यात गुंडाळून झोपतो, उगाच भुंकत नाही. घरच्यांवर जीव टाकतो पण पाहुण्यांनी आल्या आल्या डोक्यावर हात ठेवलेला आवडत नाही, लांब जाऊन उभा राहतो. लॅब्राडोरसारखं सगळ्यांच्या अंगावर उड्या मारणारं कुत्रं पाहिजे असेल तर हे नव्हे.

बघणारे म्हणतात खायला घालत नाही का, बरगड्या दिसत्यात! अहो ही जातच अशी, शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच पाहिजेत, लठ्ठ केला तर सांधे जातील. आम्ही भाकरी, अंडी, शिजवलेलं चिकन देतो, शिजवलेलं हाड कधीच नाही. कातडी पातळ आहे, काटेरी तारेला नाहीतर उसाच्या खोडव्यात फाटते, आणि थंडीत रात्री अंगावर काहीतरी घालावं लागतं. ऑपरेशनची वेळ आली तर भुलीआधी डॉक्टरांना जात सांगाच, अंगात चरबी कमी असल्यानं या जातींना काही भुलीची औषधं जड जातात. गोचिडांचं औषध वेळेवर, त्यात हयगय नको.

मला खरं वाईट वाटतं ते लोक देशी म्हणून नाक मुरडतात आणि हस्कीसाठी एसी लावतात याचं. मुधोळ गाव काय लांब आहे, कर्नाटकात जमखंडीच्या पुढं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली, पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली असं सांगतात. २००५ साली टपाल तिकीट निघालं, नंतर लष्करानंही मेरठला नेऊन ट्रेनिंग दिलं. आपल्या उन्हात टिकणारं, कमी खर्चात सांभाळता येणारं कुत्रं आपल्या दारात असताना बाहेरचं कशाला?

घेताना एक करा, फोटोवरून बुक करू नका. जागेवर जाऊन पिल्लाची आई बघा, ती अंगावर धावून येते का भिऊन कोपऱ्यात बसते ते बघा, कारण पिल्लाचा स्वभाव बराचसा तिथंच कळतो. शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी क्रॉस केलेली पिल्लं पण कारवानी म्हणून विकतात. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नका, आणि पार्व्होची (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाची) लस, जंताचं औषध झालंय का ते कार्डावर बघूनच पैसे द्या.